गाडी आपल्याला दिसते, पण आपण गाडीला दिसतो का?

माझी पाळी रात्री दहाला सुटते. तिथून घरापर्यंत दीड किलोमीटर पायी. रस्त्याला दिवे नाहीत, फूटपाथ नाही, गाड्यांची मात्र रीघ. एकदा त्याच रस्त्यानं भावाच्या गाडीत पुढे बसून आले, तेव्हा गडद शाल पांघरलेला एक माणूस अगदी जवळ आल्यावर दिसला. भावानं कचकन ब्रेक मारला. माझ्या अंगावरची शालही तपकिरीच होती.

तेव्हापासून मी समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करूनच चालते. म्हणजे वाहनं डावीकडून चालतात तिथे आपण उजवीकडून. पण यात एक मेख आहे. मागून ओव्हरटेक करणारी गाडी नेमकी आपल्याच बाजूला येते, आणि तीही समोरून कोणी येत नसताना. म्हणून पुढे अंधार दिसला, की मी उलट जास्त वेळा मागे वळून बघते. आंधळ्या वळणावर आपण आतल्या अंगाला असू, तर वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडचं दिसतं तिथेच रस्ता ओलांडून बाहेरच्या अंगाला जायचं आणि वळण संपलं की परत यायचं. सोबत कोणी असेल तर एकामागे एक चाला, गप्पा घरी.

कपड्यांचं म्हणाल, तर भडक पोपटी जाकीट दिवसा आणि संधिप्रकाशात छान दिसतं. रात्री त्या रंगाचा फारसा उपयोग नाही. रात्री लागतो रिफ्लेक्टर, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो (त्यात रेडियम नसतंच). त्याच्यावर पडलेला प्रकाश आला तिकडेच परत जातो, म्हणून चालकाला तो लांबूनच चमकताना दिसतो. पट्टी खरी की नुसती चंदेरी, हे घरीच तपासा: अंधारात दहा पावलांवर टांगा आणि मोबाईलचा फ्लॅश लावून फोटो काढा. खरी असेल तर फोटोत पांढरीफेक दिसेल.

मी ती दोन्ही घोट्यांना बांधते. डिपरचा, म्हणजे हेडलाइट खाली केल्यावरचा, झोत जमिनीलगतच पडतो, शिवाय पाय हलतात तशी चमक वरखाली होते आणि लांबूनच कळतं की हा खांब नाही, माणूस आहे. पाठीवरची पट्टी पिशवीखाली झाकली जाते.

हिशेब सांगते. ताशी 80 किलोमीटरनं गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चालकाचं लक्ष जाऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरलं, तर 33 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण तेवढेच. डिपरच्या उजेडात गडद कपडा इतक्या लांबून दिसत नाही.

टॉर्च पायापुढे जमिनीवर धरा. चालकाच्या डोळ्यांवर मारलात तर तो आंधळा होईल आणि तुमच्याच अंगावर येईल. दोन गाड्या समोरासमोर येत असतील, तेव्हा एकमेकींच्या दिव्यांनी दोघांचेही डोळे दिपलेले असतात. अशा वेळी मी साइडपट्टीच्या पार कडेला उतरते आणि त्या जाईपर्यंत थांबून राहते.

ट्रॅक्टरनं ट्रॉली ओढणाऱ्यांसाठी एवढंच: मालानं मागचे दिवे झाकले जातात का, ते निघण्याआधी मागे जाऊन बघा, आणि रेडियम चारही कोपऱ्यांना लावा.

चिखल बसला की पट्टी चमकत नाही. मी दारात चपला काढतानाच ती ओल्या फडक्यानं पुसते आणि डब्याच्या पिशवीला बांधून ठेवते, म्हणजे उद्या विसरायला नको.