ईएसएक्सआयवर फेलओव्हर फसतो कुठे? केबल परत लावताना

ईएसएक्सआय म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर. त्याची एक नेटवर्क केबल गेली की काम आपोआप दुसरीवर जातं, तो फेलओव्हर. 'एक केबल ओढा, पिंग चालू राहिला की फेलओव्हर पास.' हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तरही देत नाही. ती अर्धीच चाचणी आहे.

१. दोन्ही व्हीएमनिक (सर्व्हरचे नेटवर्क पोर्ट, पुढे मी त्यांनाच कार्ड म्हणतो) कुठे जातात ते फिजिकल ॲडाप्टरच्या सीडीपी माहितीत बघा; सीडीपी म्हणजे स्विच स्वतःची ओळख सांगतो तो सिस्कोचा प्रोटोकॉल. एकाच स्विचवर किंवा एकाच ड्युअल-पोर्ट कार्डावर निघाले तर आधी ते हलवा, बाकी सगळं नंतर.

२. होस्टवर, म्हणजे त्या सर्व्हरवर, ईएसएक्सटॉप ही कमांड चालवून 'एन' दाबा. टीम-पीनिक रकान्यात कोणतं व्हर्च्युअल मशीन कोणत्या कार्डावरून बोलतंय ते दिसतं. डीफॉल्ट सेटिंगमध्ये मशीनं दोन्ही ॲक्टिव्ह कार्डांवर वाटलेली असतात. तुम्ही व्हीएमनिक-शून्यची केबल काढली आणि पिंग लावलेलं मशीन व्हीएमनिक-एकवर होतं, तर तपासलं काय? काहीच नाही.

३. दोन्ही ट्रंक पोर्टवर (स्विचचे अनेक व्हीलॅन वाहून नेणारे पोर्ट; व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) व्हीलॅनची यादी तंतोतंत सारखी हवी. केबल काढल्यावर ठरावीक मशीनंच गायब होत असतील तर दुसरीकडे शोधूच नका.

४. आता केबल परत लावा.

इथे मी तोंडावर पडलोय. एका कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये रात्री केबल काढली, एखादा पिंग चुकला, सगळे खूश. केबल परत खोचली, टक्‌ आवाज आला, हिरवा दिवा लागला आणि लॅपटॉपवर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' सुरू. सहा-सात ओळींनी आपोआप थांबलं. मी दोन तास ड्रायव्हर बदलत बसलो. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता.

झालं होतं असं: लिंक वर आली की ईएसएक्सआयला वाटतं कार्ड बरं झालं, आणि 'फेलबॅक' (बरं झालेल्या कार्डावर परत जाण्याची सेटिंग) चालू असल्यामुळे ते मशीनं लगेच तिकडे परत नेतं. स्विचचा पोर्ट मात्र स्पॅनिंग ट्रीच्या (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा स्विचचा प्रोटोकॉल) लिसनिंग आणि लर्निंग या टप्प्यांमध्ये १५-१५ सेकंद अडकलेला असतो. दिवा हिरवा, रस्ता बंद. 'आमच्याकडे रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे, आम्हाला काय' असं म्हणू नका. ईएसएक्सआयचा व्ही-स्विच (सर्व्हरच्या आतला व्हर्च्युअल स्विच) स्पॅनिंग ट्री बोलतच नाही, त्यामुळे पोर्ट लगेच उघडण्याच्या स्विचच्या प्रपोजलला उत्तर मिळत नाही आणि तेच ३० सेकंद जातात.

उपाय स्विचवर आहे: पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघता पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग. सिस्कोवर ट्रंक पोर्टला नुसतं 'पोर्टफास्ट' दिलं तर ते लागूच होत नाही, पुढे 'ट्रंक' हा शब्द लागतो. माझी रात्र या एका शब्दाने खाल्ली. स्विच तुमच्या ताब्यात नसेल तर निदान मॅनेजमेंट नेटवर्कवर फेलबॅक 'नो' करा. मशीन दुसऱ्या कार्डावर गेल्याचं स्विचला कळवणारं 'नोटिफाय स्विचेस' मात्र 'येस'च राहू द्या.

५. स्विचच्या पलीकडची अपलिंक तुटली तर सर्व्हरकडची लिंक वरच राहते आणि फेलओव्हर होतच नाही. त्यावर लोक डोळे झाकून बीकन प्रोबिंग (कार्डांनी एकमेकांना चाचणी पॅकेट पाठवून रस्ता तपासणं) सुचवतात. कार्डं दोनच असतील तर कोणती बाजू मेली हे त्यालाही कळत नाही आणि ते दोन्हीकडून पॅकेट सोडत सुटतं. तीन कार्डं असतील तरच लावा. नाहीतर स्विचवरच लिंक-स्टेट ट्रॅकिंग मागा, म्हणजे अपलिंक पडली की तुमचा पोर्टही पडेल.

आणि हे सगळं करताना आयड्रॅक किंवा आयएलओचं (डेल आणि एचपीई सर्व्हर दुरून हाताळायची वेगळी वाट) लॉगिन आधी उघडून ठेवा, म्हणजे नेटवर्क गेलं तरी सर्व्हर हातात राहील.