करडईवरची सिरफिड अळी: ओळखायची कशी आणि पाळून पाहायची कशी

करडईच्या शेंड्यावर काळा मावा दाटला की त्याच गर्दीत एखादी हिरवट, जळूसारखी अळी सरकताना दिसते. तिलाही कीड समजून पंप काढला जातो, आणि माव्यासोबत माव्याचा शत्रूही मरतो. ही सिरफिड माशीची अळी. आपल्याकडे यातली नेहमी भेटणारी जात म्हणजे इशिओडॉन स्क्युटेलारिस.

शोधायला सकाळी लवकर जा. ऊन चढले की अळ्या पानांच्या बेचक्यात दडतात. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे. मावा आधी शेताच्या कडेला येतो, म्हणून सुरुवात बांधाकडच्या ओळींपासून करा. माव्याशेजारी तांदळाच्या कणीसारखे, जेमतेम १ मि.मी. लांब, पांढरे अंडे आडवे चिकटलेले असेल तर ते सिरफिडचे. केसासारख्या देठावर उभे असेल तर क्रायसोपाचे, म्हणजे मावा खाणाऱ्या दुसऱ्या एका मित्रकिडीचे. अळीला पाय नसतात, वेगळे डोकेही दिसत नाही. पुढचा भाग निमुळता आणि पाठीवर फिकट रेघ. पाने कुरतडणाऱ्या अळीला पाय आणि टणक डोके असते. एवढा एक फरक लक्षात राहिला तरी घोटाळा होत नाही. अळी मावा तोंडात धरून उचलते, शोषते आणि रिकामे कातडे टाकून देते. अशी वाळकी कातडी आणि डांबरासारखे काळे ठिपके दिसले, तर अळी जवळपासच आहे.

खात्री करायची तर पाळून पाहा. अर्धा लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, तळाशी टिपकागद घाला, तोंडाला मलमलचे कापड रबराने बांधा. माव्याने भरलेला ८-१० सें.मी.चा शेंडा बुडाशी ओला कापूस गुंडाळून आत ठेवा आणि अळी ओल्या कुंचल्याने उचलून त्यावर सोडा. एका बरणीत एकच अळी. मावा संपला की त्या एकमेकींनाही खातात. शेंडा रोज बदला. एक अळी वाढीच्या काळात काहीशे मावा फस्त करते, त्यामुळे कालचा शेंडा आज पुरत नाही. बरणीच्या भिंतीवर पाणी साचले तर बुरशी येते: टिपकागद बदला. बरणी उन्हात कधीच ठेवू नका.

आठ-दहा दिवसांत अळी थेंबाच्या आकाराचा कोष करते. तो सोडवायला जाऊ नका, पानासकट राहू द्या. साधारण आठवड्याने, थंडीत आणखी उशिरा, कोषाचे टोक झाकणासारखे उघडून माशी निघते. पोटावर काळे-पिवळे पट्टे, पंख दोनच, मिशा आखूड. मधमाशीसारखी दिसते, पण डंख नाही. दोन्ही डोळे डोक्यावर जुळलेले असतील तर नर, मध्ये फट असेल तर मादी. कोषाला कडेला गोल भोक पडून बारीक गांधीलमाशीसारखा कीटक निघाला, तर पाळण्यात चूक झालेली नाही. शेतातच त्या अळीत परजीवीने अंडे घातले होते. माशी बघून झाली की फुलावर सोडा. बरणीत तिला हवेत तरंगायला जागा नसते, त्यामुळे पुढची पिढी मिळत नाही.

शेतात या माश्या टिकवायच्या तर फुले हवीत, कारण अंडी पिकायला मादीला पराग लागतो आणि तिची सोंड आखूड असते. धने, शेपू, बडीशेप, मोहरी यांची उघडी फुले तिला सोयीची. करडईसोबतच कडेने धने पेरले की ते दीड-दोन महिन्यांत, म्हणजे माव्याच्या हंगामात, फुलतात. सगळी कोथिंबीर मात्र बाजारासाठी उपटू नका. निदान एक ओळ फुलू द्या, आणि त्या ओळीवर फवारा जाऊ देऊ नका.