पास खिशात, पण जागा कुठाय? मैत्रिणीबरोबर रेल्वेनं युरोप फिरताना

युरोपात रेल्वेनं फिरायचं म्हटलं की सल्ला द्यायला अख्खी सोसायटी गोळा होते. "युरेल पास काढा (एकाच पासवर अनेक देशांतल्या गाड्या) आणि मनाला येईल त्या गाडीत चढा", हा पहिला सल्ला. "तिथल्या गाड्यांवर घड्याळ लावून घ्यावं", हा दुसरा. हे सांगणाऱ्यांनी बहुधा युरोप टूर कंपनीच्या बसच्या खिडकीतून पाहिलेला असतो. मी पाच वेळा रेल्वेनं फिरले, त्यातल्या चार वेळा एकाच मैत्रिणीबरोबर, आणि आम्ही अजून एकमेकींशी बोलतो. तेव्हा आता माझं ऐका. व्हिसा, विमा, चालायचे बूट हे तुम्ही बघालच, त्यावर शब्द खर्च करत नाही.

आधी मार्ग, मग पास

पास काढून मग मार्ग ठरवणं म्हणजे साडी घेऊन मग लग्न शोधणं. आधी कागदावर गावं लिहा. आमचा आवडता मार्ग पॅरिस, बाझल, लुझर्न, खूर, तिरानो, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग असा आहे. त्यात लांब पल्ल्याचे दिवस किती होतात ते मोजा. तीन-चारच शहरं असतील आणि तारखा पक्क्या असतील, तर पासच्या नादाला लागू नका. दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात. पाच-सहा लांबचे प्रवास असतील आणि त्यात स्वित्झर्लंड असेल, तर पास परवडतो.

पासचं नावही नीट बघा. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. इथे पासपोर्टचा रंग विचारत नाहीत, राहण्याचा पत्ता विचारतात. त्यामुळे म्युनिकमध्ये राहणारा भाचा इंटररेल घेतो आणि पुण्याहून जाणारी मावशी युरेल. दोन्ही ३३ देशांत चालतात. वय २७ पर्यंत असेल तर चांगली सवलत आहे, साठी उलटली असेल तर दहा टक्के. आम्ही दोघी नेहमी 'महिन्याभरात सात दिवस' हा पास घेतो. प्रवासाचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा असतो, त्यात कितीही गाड्या बदला. म्हणूनच मिलानहून कोमोला जाऊन यायला पासचा दिवस जाळू नका, त्याचं सुटं तिकीट काही युरोंत मिळतं.

रिझर्वेशन: इथेच सगळे फसतात, मीही फसले

पास म्हणजे गाडीत बसायचा हक्क, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. डेक्कन क्वीनचा महिन्याचा पास असला म्हणून कोणी तुम्हाला रिझर्वेशनच्या डब्यात बसू देतं का? अगदी तेच. पास हे भाडं झालं. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत जागा वेगळी राखावी लागते आणि तिचे पैसेही वेगळे. वर पासवाल्यांसाठी कित्येक गाड्यांत ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडी अर्धी रिकामी असली तरी तुमच्यासाठी ती भरलेली.

हे मला पहिल्या खेपेला कोणी सांगितलं नव्हतं. जुलै महिना, पॅरिसचं गार द लियाँ स्टेशन, बाझलला तीन तासांत पोचवणारी गाडी समोर उभी. आम्ही ऐटीत फोनवरचे पास दाखवले. फाटकापाशी उभ्या बाईनं पास पाहिला, मान हलवली आणि रिझर्वेशन मागितलं. खिडकीवर गेलो तर पासवाल्यांचा कोटा त्या दिवसापुरता संपलेला. पूर्ण तिकीट काढा म्हणाले, माणशी शंभर युरोंच्या वर. मैत्रीण म्हणाली, "अगं, तूच म्हणालीस ना, कुठल्याही गाडीत चढता येतं?" मी म्हणाले होते खरी.

शेवटी मेट्रोनं गार द लेस्त या दुसऱ्या स्टेशनावर गेलो आणि रिझर्वेशन न लागणाऱ्या प्रादेशिक गाड्यांनी त्र्वा, बेलफोर, म्युलूझ करत रात्री बाझलला उतरलो. बेलफोरपर्यंत मैत्रीण माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिथे तिनं डबा उघडून गूळपोळी पुढे केली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. तो मार्ग सुंदर आहे, ही गोष्ट वेगळी. पण तो निवडून घ्यावा, शिक्षा म्हणून नव्हे.

तर आता आम्ही असं करतो. मार्गातला प्रत्येक टप्पा एका ओळीवर लिहायचा आणि पुढे खूण करायची: जागा राखणं सक्तीचं, ऐच्छिक, की गरजच नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोस्सा, स्पेनच्या एव्हीई या वेगवान गाड्या, लंडन-पॅरिसची युरोस्टार आणि सगळ्या रात्रीच्या गाड्या सक्तीच्या खान्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि झेक देशातल्या बहुतेक गाड्या ऐच्छिक. स्वित्झर्लंडमध्ये रोजच्या गाड्यांना गरजच नाही, सरळ चढा. फसवणूक सीमेवर होते. जर्मनीतली आयसीई ही वेगवान गाडी ऐच्छिक, पण तीच जर्मनीहून पॅरिसला निघाली की सक्तीची. स्वित्झर्लंडची गाडी मोकळी, पण मिलानला जाणारी युरोसिटी ही आंतरदेशीय गाडी सक्तीची. म्हणून 'अमुक देशात लागत नाही' असं कोणी ठामपणे सांगितलं तर मान डोलवा आणि तुमची गाडी स्वतः तपासा. रेल प्लॅनर या पासच्या ॲपमध्ये फक्त रिझर्वेशन न लागणाऱ्या गाड्या दाखवायची सोय आहे. ती चालू करून एकदा आणि बंद करून एकदा असा प्रत्येक टप्पा बघा. काय पर्याय आहेत ते पाच मिनिटांत कळतं.

सक्तीच्या खान्यातल्या गाड्या मार्ग ठरला त्याच आठवड्यात राखून टाका, आणि सुरुवात फ्रान्सपासून करा. युरोस्टार आणि पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या गाड्यांचा कोटा उन्हाळ्यात सर्वांत आधी संपतो. फ्रान्समधल्या फ्रान्समध्ये टीजीव्हीच्या जागेला साधारण दहा ते वीस युरो पडतात, युरोस्टारला त्याहून बरेच जास्त. हे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. पासची किंमत बघून "व्वा, स्वस्तच की" म्हणणारे पुढे रडतात ते इथेच. डिसेंबरच्या मध्यात युरोपभर वेळापत्रक बदलतं, त्यामुळे नाताळच्या प्रवासाचं बुकिंग उशिरा खुलं होतं. ते दिसत नाही म्हणून घाबरू नका.

बुकिंग करताना तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. एक, दोघींच्या जागा एकाच बुकिंगमध्ये घ्या. "तू तुझी काढ, मी माझी काढते" केलंत की एक चौथ्या डब्यात आणि एक अकराव्यात. दोन, ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या कितीतरी गाड्यांच्या जागा मिळतात, पण तिथे 'फक्त जागा' असा वेगळा पर्याय आहे. तो न निवडता पुढे गेलात तर पास असताना पुन्हा पूर्ण तिकीट विकत घ्याल. तीन, तारीख. आपल्याकडे जशी रात्री बारानंतरच्या गाडीची तारीख चुकते तशीच तिथेही चुकते. बारा वाजून दहा मिनिटांची गाडी म्हणजे दुसरा दिवस.

आणि प्रत्येक ठिकाणी वेगवान गाडीच हवी हा हट्ट सोडा. पॅरिस ते लियाँ टीजीव्ही दोन तासांत जाते, प्रादेशिक गाडी दीजाँवरून पाच तासांत. तिथे मी टीजीव्हीच घेईन. पण मिलान ते व्हेनिस? व्हेरोनाला गाडी बदलून साध्या गाड्यांनी जा. रिझर्वेशन लागत नाही, आणि व्हेरोनाला सामान ठेवून दोन तास गाव बघता येतं.

सगळ्यांत मोठा भ्रमाचा भोपळा म्हणजे स्वित्झर्लंडची बर्निना एक्सप्रेस. मोठ्या काचांची गाडी, लाल डबे, फोटो बघून सगळ्यांना तीच हवी. तिच्या जागेला वेगळे पैसे लागतात आणि जागा भराभर संपतात. त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्या दिवसभर जातात, रिझर्वेशनशिवाय, त्याच पासवर. खूरहून सेंट मॉरिट्झला जा, तिथे गाडी बदलून तिरानोला उतरा. तोच लांडवासरचा पूल, तोच ओस्पित्सिओ बर्निनाचा २२५३ मीटरवरचा थांबा, तोच ब्रूझिओचा गोल फिरणारा पूल. युनेस्कोनं २००८ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केला तो रेल्वेमार्ग आहे, मोठ्या काचांचा डबा नव्हे. शिवाय साध्या गाडीच्या बऱ्याच डब्यांत खिडकी उघडते. काचेतल्या प्रतिबिंबाशिवाय फोटो हवा असेल तर आणखी काय हवं? तिरानोहून मिलानला अडीच तासांची साधी गाडी आहे. उजव्या बाजूला बसा, कोमोचं तळं तिकडेच येतं.

गाडी बदलण्यातला वेळ

ॲप तुम्हाला सहा मिनिटांत गाडी बदलायला सांगेल. स्वित्झर्लंडमध्ये खुशाल ऐका, पुढची गाडी बहुतेक वेळा समोरच्याच फलाटावर उभी असते. जर्मनीत अजिबात ऐकू नका. तिथे २०२४ साली लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तरी ती 'वेळेवर' धरतात. अर्ध्या तासाच्या खाली जर्मनीत मी गाडी बदलत नाही. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची राखीव गाडी चुकली तर आधी स्टेशनच्या खिडकीवर जाऊन उशिराची नोंद करून घ्या, मग कॉफी प्या. उलट क्रमानं केलंत तर रांग वाढलेली असते.

रात्रीची गाडी

पासचा एकच दिवस खर्च होतो, निघायचा. मात्र बारानंतर गाडी बदलायची नाही, नाहीतर दुसरा दिवस कापला जातो. बर्थ राखणं सक्तीचं. दोघीच असाल तर दोघींची स्लीपर केबिन महाग पण झोप मिळते. सहा जणांच्या डब्यात पैसे वाचतात आणि घोरणं ऐकू येतं.

फलाटावर

हमाल नाहीत. जी बॅग तुम्ही स्वतः तीन पायऱ्या चढवू शकत नाही ती नेऊ नका.

पॅरिसला सीएसएमटी, दादर, वांद्रे टर्मिनससारखी अर्धा डझन टोकाची स्टेशनं आहेत. तिकिटावर कुठलं ते वाचा. टीजीव्हीची दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, आणि स्पेनमध्ये वेगवान गाडीला बॅगा तपासून सोडतात, तेव्हा तिथे अर्धा तास आधी पोचा. जर्मनीत सीटच्या वर दोन गावांची नावं दिसली तर त्या टप्प्यापुरती ती जागा कुणीतरी राखलेली आहे. नावं नसतील तर बसा. आणि डब्याच्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय चढू नका. काही गाड्या वाटेत दुभागतात, पुढचा भाग एका गावाला आणि मागचा दुसऱ्याच.

खाण्याचं म्हणाल तर भाकरवडी, चिवडा, गूळपोळी बिनधास्त न्या. पेढे आणि श्रीखंड नका नेऊ. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे.

दोघी आहात म्हणून

दोन्ही पास एकाच फोनवर ठेवता येतात. ठेवू नका. आमची एकदा स्वच्छतागृहासाठी सुटे युरो शोधताना चुकामूक झाली आणि दोन्ही पास माझ्या फोनमध्ये होते. मैत्रीण गाडीत, विनातिकीट. तेव्हापासून जिचा पास तिच्या फोनवर. निघण्याआधी दोघींनी आपापल्या ॲपमध्ये त्या दिवसाचा प्रवास पासवर चढवायचा, क्यूआर कोड उघडतो का बघायचं. गाडीत चढल्यावर तिकीट तपासनीस दिसला म्हणून घाईनं चढवणं म्हणजे विनातिकीट प्रवास. तीन दिवसांतून एकदा तरी ॲपला इंटरनेट मिळायला हवं, त्यामुळे एकीकडेच सिमकार्ड आणि दुसरी हॉटस्पॉटवर ही काटकसर महागात पडते. दोघींचा वर्गही एकच घ्या, नाहीतर एक पहिल्या वर्गात आणि एक दुसऱ्या.

चुकामूक झालीच तर काय करायचं ते घरीच ठरवा, फलाटावर नव्हे. आमचा नियम असा: जी गाडीत आहे तिनं पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि उतरली त्याच फलाटावर बसून राहायचं. जी मागे राहिली तिनं तिथे थांबणाऱ्या पुढच्या गाडीनं यायचं. दोघींनी एकमेकींना शोधायला निघायचं नाही. आम्ही एकदा तसं केलं होतं, आणि दोन गाड्यांच्या दोन खिडक्यांतून एकमेकींना हात करत उलट्या दिशांना गेलो होतो.