कल्पनारम्य कादंबरीवर मत कसं बनवावं

पुस्तक मिटल्या मिटल्या त्याला रेटिंगचे तारे देऊ नका. मी दोन दिवस थांबते. तेवढ्यात नायिकेचं नावही आठवेनासं झालं, तर निकाल आपोआप लागतो.

आधी पुस्तक कोणासाठी आहे ते बघा. 'फोर्थ विंग' (2023) मध्ये ड्रॅगन आणि युद्धविद्यालय असल्यामुळे ते किशोरांचं वाटतं. पण नायिका 20 वर्षांची आहे आणि मजकूर सरळसरळ प्रौढांचा. चुकीच्या फुटपट्टीने मोजाल तर लेखिकेवर अन्याय.

माझा जास्त वेळ जातो निवेदनावर. 'द हंगर गेम्स' (2008) प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहे, म्हणून गोष्ट सांगणारी नायिका कॅटनिस जिवंत राहील याची हमी वाक्यरचनेतूनही मिळत नाही. 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' (2018) झेली, अमारी आणि इनान आळीपाळीने सांगतात. अशा पुस्तकात प्रकरणावरचं नाव बोटाने झाका आणि पानभर वाचा. कोण बोलतंय ते ओळखू आलं नाही, तर तक्रार नोंदवाच. 'द फिफ्थ सीझन' (2015) चा एक धागा थेट 'तू' म्हणत चालतो. मी वैतागून पुस्तक बाजूला ठेवलं होतं. पुढे त्यामागचं कारण कळल्यावर ओशाळले. तेव्हापासून पहिल्या पन्नास पानांवरचा राग मी पेन्सिलीनेच लिहिते.

जादू असेल तर एकच प्रश्न: तिची किंमत कोण मोजतं? कोणीच नाही, तर शेवटची लढाई फुसकी ठरते. प्रेमत्रिकोणाला एक ओळ पुरे.

आणि शेवट फोडणार असाल, तर तसं आधी सांगा.