शिआनचा पहिला आठवडा : निघण्यापूर्वी काय काय करावे

चीनच्या शाआन्शी प्रांतातल्या शिआनला पहिल्यांदा जाण्याचे ठरले की आधी तिथल्या सुट्ट्या पाहाव्यात, विमानाचे भाडे मागाहून. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणारे चांद्र नववर्ष या काळांत अवघा देश प्रवासाला निघतो, आणि इथल्या प्राचीन भाजक्या मातीच्या सैनिकांऐवजी (टेराकोटा आर्मी) पुढच्या माणसाने उंच धरलेला मोबाइल पाहून परतावे लागते. जुलैत पारा चाळिशीला टेकतो, जानेवारीत रात्री शून्याखाली जातो. आपल्याला मानवणारे दिवस म्हणजे एप्रिल, मेचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा मध्य. सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या आरंभी कधीकधी झड लागते, म्हणून छत्री आणि लवकर वाळणारे बूट बॅगेत असावेत. चीनभर घड्याळ एकच, भारताच्या अडीच तास पुढे; पण शिआन बरेच पश्चिमेला असल्यामुळे ऐन थंडीत तिथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, हे पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

त्यानंतर कागदपत्रे. परदेशी पर्यटक व्हिसाविना चीनमध्ये फिरतानाचे व्हिडिओ पाहून गाफील राहू नये. भारतीय पासपोर्टला व्हिसामाफी नाही आणि अनेक देशांच्या नागरिकांना मिळणारी, वाटेत २४० तासांपर्यंत व्हिसाविना थांबण्याची (ट्रान्झिट) सवलतही आपल्याला लागू नाही. पर्यटनासाठी 'एल' वर्गाचा व्हिसा लागतो, त्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि महाराष्ट्र मुंबईतील चिनी महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, दोन पाने कोरी असावीत आणि फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर ३३ बाय ४८ मिलिमीटरचा असावा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत नुसते 'पासपोर्ट साइझ' म्हटले तर वेगळ्याच मापाचा फोटो हाती पडतो.

मराठी प्रवाशांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव दुसऱ्या रकान्यात असते. चीनमध्ये विमान, रेल्वे, हॉटेल आणि संग्रहालय या चारही ठिकाणचे आरक्षण पासपोर्टच्या नाव-क्रमांकाशी जुळवून पाहतात, त्यामुळे एकीकडे मधले नाव घातले आणि दुसरीकडे गाळले तर फाटकाशी थांबून समजूत घालत बसावे लागते. पासपोर्टवर जसे छापले आहे तसे, त्याच क्रमाने, अक्षरन् अक्षर मोबाइलमध्ये एकदा टंकून ठेवावे आणि सगळीकडे तेच चिकटवावे. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायची सवय इथे चालत नाही, तो रोज अंगावर लागतो. हॉटेलातला मुक्काम पोलिसांकडे कळवण्याचे काम हॉटेलच करते; कुणा परिचिताच्या घरी उतरणार असाल तर मात्र २४ तासांत पोलिसांकडे स्वतः नोंद करावी लागते.

आरक्षणांचा क्रम असा ठेवावा की जे सर्वांत दुर्मीळ ते सर्वांत आधी. शिआनमध्ये दुर्मीळ आहे ते शाआन्शी इतिहास संग्रहालयाचे प्रवेशपत्र. १९९१ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात १९७० साली हजियात्सुन येथे सापडलेली तांग राजवटीच्या काळातील (सातवे ते दहावे शतक) सोन्याचांदीची भांडी आहेत. मूळ प्रवेश विनामूल्य असल्याने पत्रे खुली होताच मिनिटांत संपतात, आणि सोमवारी संग्रहालय बंद असते. पत्रे चीनच्या वेळेनुसार खुली होतात, तेव्हा गजर अडीच तासांचा फरक धरून लावावा. ते हुकलेच तर लहान हंस पॅगोड्याशेजारच्या शिआन संग्रहालयात जावे. गर्दी कमी आणि ऐवज कमी प्रतीचा नाही. सैनिकांच्या तिकिटाचे आरक्षणही काही दिवस आधीच करावे. रेल्वेची तिकिटे प्रवासाच्या १५ दिवस आधी विक्रीला येतात. पाच वर्षे बंद असलेली भारत-चीन थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली असली तरी मुंबईहून शिआनला वाटेत विमान बदलावे लागते. बदल चीनमधल्याच शहरात असेल तर इमिग्रेशन त्या पहिल्या विमानतळावर होते, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तासांचे अंतर ठेवावे.

याच बदलात पॉवर बँक हातची जाते. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 'थ्री-सी' हे चिनी सुरक्षा-प्रमाणनाचे चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि मुंबई-पुण्यात घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर ते चिन्ह नसते. ती घरीच ठेवून शिआनमध्ये पोहोचल्यावर नवी घ्यावी हे स्वस्त पडते. वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्टची असली तरी तिथल्या सॉकेटला चपट्या पिना लागतात, आपल्या गोल पिना बसतीलच असे नाही. एक अडॅप्टर आणि घरची एक छोटी एक्स्टेन्शन वायर नेली की सगळ्या कुटुंबाचे चार्जर चालतात.

आता मोबाइल. तयारीचा खरा भार याच भागावर आहे, कारण शिआनमध्ये मोबाइल हाच बटवा, नकाशा आणि दुभाष्या. हॉटेलच्या वाय-फायवर गुगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांपैकी काहीही उघडत नाही. भारतीय सिमच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर मात्र व्हॉट्सअॅप चालते, कारण तो डेटा आपल्या मूळ जाळ्यातून फिरून येतो. प्रवासी ई-सिमचेही बहुधा असेच असते. गुगलचा नकाशा उघडला तरी त्यावर भरवसा ठेवू नये, कारण चीनमधली नकाशांची मोजणी-पद्धत वेगळी असल्याने आपली जागा काही शे मीटर सरकलेली दिसू शकते. 'आमॅप' हे तिथले नकाशांचे अॅप इंग्रजीतही चालते. भाषांतराच्या अॅपमध्ये चिनी भाषेचा संच आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे जाळे नसतानाही काम अडत नाही.

पैशांचे व्यवहार अलिपे किंवा वीचॅट पे यांतून होतात. दोन्ही अॅप भारतातच उतरवून, पासपोर्टची पडताळणी करून, 'व्हिसा' किंवा 'मास्टरकार्ड' कंपनीचे कार्ड जोडून ठेवावे. आपले यूपीआय गृहीत धरू नये. परदेशी कार्ड जोडले असेल तर २०० युआनपर्यंतच्या एका व्यवहारावर अॅप शुल्क घेत नाही, त्यापुढे ३ टक्के घेते, शिवाय आपल्या बँकेचा अधिभार वेगळा. खरी गोम पुढे आहे. भारतीय कार्डांवर आंतरराष्ट्रीय वापर स्वतःहून चालू करावा लागतो आणि बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो. माझ्या पहिल्या प्रवासात मी खर्च वाचवायला भारतीय सिम काढून पाकिटात ठेवले होते. पहिल्याच रात्री शेवयांच्या दुकानात वाफाळलेली वाटी समोर, मागे सात-आठ जणांची रांग, मालकीणबाई क्यूआर कोडच्या पाटीवर बोट ठेवून उभ्या, आणि ओटीपी त्या बंद सिमकडे निघालेला. बाईंनी हाताने 'आधी खा' अशी खूण केली आणि माझे खाणे होईपर्यंत मी नखाने सिमचा कप्पा उघडत राहिलो. तेव्हापासून निघण्याच्या आठ दिवस आधी कार्ड जोडणे, रोमिंग चालू ठेवणे, वेगळ्या बँकेचे दुसरे कार्ड जवळ असणे आणि काही शे युआन रोख, त्यातही १० आणि २० च्या नोटा बाळगणे, या चार गोष्टी मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही.

औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. खाऊच्या बाबतीत सीमाशुल्काचे नियम कडक आहेत: मांस, दूधदुभते, ताजी फळे आणि बियाणे नेता येत नाहीत, म्हणून तुपाचा डबा आणि पेढे घरीच राहू द्यावेत. चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी एवढे पुरे. उकळते पाणी मात्र स्थानकावर, आगगाडीत, हॉटेलात, सगळीकडे फुकट मिळते, तेव्हा झाकणाचा स्टीलचा थर्मास नक्की न्यावा. झटपट उपमा त्यावरच होतो.

शाकाहाऱ्यांनी 'व्हेज' या शब्दावर विसंबू नये. मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्सा नको, चरबी नको, अंडे चालते की नाही, हे सारे चिनी लिपीत छापून जवळ ठेवावे, कारण भाजीतही डुकराची चरबी वापरलेली असू शकते. शिआनमध्ये त्यांची सोय लिआंगपीने होते: पिठाच्या थंड, रुंद, गुळगुळीत पट्ट्या, त्यावर काकडी, मोडाची कडधान्ये, व्हिनेगर आणि तिखट तेल. तिखटाला ही माणसे घाबरत नाहीत, त्यामुळे कोल्हापूरकरांचे चांगले जमते. मांसाहाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. भरल्या पावासारख्या रोउज्यामोत सामान्यतः डुकराचे मांस असते, तर मुस्लिम वस्तीत तेच गोमांसाचे असते. जे वर्ज्य असेल ते नीट विचारून घ्यावे. यांगरो पाओमो मागवले की आधी वाटी आणि कडक रोटीच हाती येते. ती रोटी सोयाबीनच्या दाण्याएवढी बारीक कुस्करायची, मग वाटी आत जाते आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येते, सोबत साखरेत मुरवलेल्या लसणाच्या पाकळ्या. घाईने मोठे तुकडे टाकले तर ते आतून कोरडे राहतात, म्हणून त्या जेवणासाठी तासभर मोकळा ठेवावा. शरदात लिनथुंगची डाळिंबे रस्त्यारस्त्यावर दिसतात. सांगोल्याच्या माणसाने चव घेऊन तुलना करावीच.

आठवड्याची आखणी सैल असावी. पहिल्या संध्याकाळी, पोहोचल्याचा शिणवटा असताना, फक्त दक्षिण दरवाजातून शहराच्या तटावर चढावे. मिंग राजवटीत १३७० च्या दशकात बांधलेला हा तट १३.७ किलोमीटरचा, १२ मीटर उंच आणि वर दोन मोटारी शेजारून जातील इतका रुंद आहे. वर भाड्याने सायकली मिळतात आणि दोनेक तासांत फेरी पुरी होते. दुसरा दिवस चीनचा पहिला सम्राट चिन शी ह्वांग याच्या मातीच्या सैनिकांचा. १९७४ च्या मार्चमध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले हे ठिकाण शहराच्या पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, त्यासाठी आख्खा दिवस धरावा आणि एक छोटी दुर्बीण न्यावी. दुर्बिणीचे ऐकून लोक हसतात, पण सैनिक प्रेक्षकांच्या पायवाटेखाली सुमारे पाच मीटर खोल उभे आहेत आणि नुसत्या डोळ्यांना रांगा दिसतात, चेहरे नाहीत. उत्खननाच्या दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात काचेच्या पेटीतला गुडघ्यावर बसलेला तिरंदाज मात्र जवळून पाहता येतो. त्याच्या मागे जाऊन उचललेल्या पायाच्या तळव्याकडे पाहावे, जोड्याच्या तळाची शिवण टाच आणि चवड्यापाशी दाट, मध्ये विरळ अशी कोरलेली आहे. १९८० साली सापडलेले कांस्यरथ वेगळ्या संग्रहालयात आहेत, तिथे जायला बस असते, ते विसरू नये. शहरातल्या स्थानकाबाहेर 'सैनिकांकडे' म्हणून बोलावणाऱ्या दलालांमागे जाऊ नये. मेट्रोची ९ क्रमांकाची मार्गिका आणि पुढे बस हा मार्ग सरळ आहे.

एक दिवस मात्र मराठी माणसाने ह्युएन त्संगसाठी राखून ठेवावा. शाळेच्या पुस्तकात भेटलेला हा भिक्षू इथूनच, म्हणजे तेव्हाच्या छांगआनहून, भारताकडे निघाला होता. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला, पुलकेशी दुसरा याचे राज्य त्याने पाहिले आणि इथली माणसे उपकार विसरत नाहीत व अपमानही सोडत नाहीत, असे लिहून ठेवले. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि ते जपण्यासाठी ६५२ मध्ये मोठा हंस पॅगोडा उभा राहिला. निघण्यापूर्वी त्याच्या वृत्तान्तातला महाराष्ट्रावरचा भाग वाचून जावे. मग पॅगोड्याच्या दक्षिण दारापाशी जाळीआड असलेले ६५३ सालचे दोन शिलालेख पाहावेत. त्यांपैकी एकात सम्राट थायत्सुंगने ह्युएन त्संगच्या भाषांतरांना लिहिलेली प्रस्तावना आहे. त्याच प्रस्तावनेचा ६७२ सालचा दुसरा शिलालेख, जुन्या सुलेखनकाराची अक्षरे एकेक करून जुळवून कोरलेला, शिलालेखांचे वन म्हणवल्या जाणाऱ्या बेइलिन संग्रहालयात आहे. पायांत बळ उरले तर शहराच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर शिंगजियाओ मंदिरात त्याचा समाधी-पॅगोडा आहे.

ह्वाशान पर्वत किंवा बुद्धाच्या बोटाचे अस्थिधातू १९८७ मध्ये जिथे सापडले ते फामन मंदिर, यांपैकी एकच निवडावे. दोन्ही केल्यास आठवडा प्रवासातच जातो. ह्वाशानसाठी हातमोजे आणि घट्ट बसणारे बूट हवेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये ज्या येनानला पोहोचले ते याच शाआन्शी प्रांतात आहे, आणि तिथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते तीनेकशे किलोमीटर उत्तरेला, त्यासाठी आठव्या-नवव्या दिवसाची सोय करावी. शेवटचा दिवस रिकामा सोडावा, संग्रहालयाचे हुकलेले प्रवेशपत्र बहुधा त्याच दिवसाचे मिळते.

निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी चिनी लिपीत मोठ्या अक्षरांत छापून दोन प्रती कराव्यात. एक पासपोर्टच्या कव्हरमध्ये आणि दुसरी घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या खिशात, त्यांच्याकडे मोबाइल असला तरीही.