टायट्रेशन करून कॉस्टिक सोड्याची मोलॅरिटी कशी काढायची

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला कॉस्टिक सोड्याची बाटली दोन मिनिटं उघडी ठेवून बघा, गोळ्या ओल्या होऊन एकमेकांना चिकटायला लागतात. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतो तो, म्हणून वजन करून त्याची मोलॅरिटी (लिटरला किती मोल) पक्की मिळत नाही, टायट्रेशनच करावं लागतं, म्हणजे माहीत असलेल्या अॅसिडला किती सोडा लागतो ते मोजायचं.

आधी ऑक्झॅलिक अॅसिड. ०.६३ ग्रॅम नीट तोलून डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि १०० मिली फ्लास्कमध्ये मार्कपर्यंत भरा, झालं ०.०५ मोलर.

ब्युरेट (खाली कॉक असलेली, मापाच्या रेघांची लांब नळी) आधी पाण्यानं, मग थोड्या सोड्याच्या सोल्यूशननंच धुवा. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं, तिथं अॅसिडनं धुतलं तर १० मिलीपेक्षा जास्त अॅसिड आत जातं आणि रीडिंग वाढतं, लई पोरं इथंच फसतात. ब्युरेट सोड्यानं भरली की फनेल काढा, खालच्या टोकातला बुडबुडा घालवा. पिपेट (ठरावीक मापानं द्रव उचलायची नळी) तोंडानं ओढू नका भावांनो, रबरी बल्ब वापरा. कोनिकल फ्लास्कमध्ये १० मिली अॅसिड घेतलं की दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा इंडिकेटर, दुसरा इंडिकेटर मिथिल ऑरेंज इथं चालत नाही कारण ऑक्झॅलिक वीक अॅसिड आहे, एंड पॉइंट पीएच ८ च्या वर येतो.

आता खरं काम. पायलट रीडिंग भराभर घ्या, अंदाज येतो. पुढच्या वेळी त्या आकड्याच्या एक मिली अलीकडं थांबा आणि मग थेंब थेंब, डाव्या हातानं कॉक, उजव्या हातानं फ्लास्क फिरवत, खाली पांढरा कागद. थेंब पडतो तिथं गुलाबी ढग उठतो आणि फिरवला की जातो, तो जायला वेळ लागायला लागला की जवळ आलात समजा. अर्धा मिनिट टिकणारी एकदम फिकट गुलाबी छटा, तिथंच थांबायचं. नंतर रंग उडाला तर घाबरून अजून थेंब टाकू नका, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळं उडतो. गडद गुलाबी झालं तर ते रीडिंग सोडूनच द्या, वहीत 'अॅडजस्ट' करण्यात काय अर्थ नाही.

सारखी रीडिंग आली की तो सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. एका ऑक्झॅलिकला दोन सोडा लागतात, म्हणून १० × ०.०५ × २ भागिले सीबीआर. सीबीआर ९.६ असेल तर ०.१०४२ मोलर, गुणिले ४० (सोड्याच्या एका मोलचं वजन) म्हणजे लिटरला ४.१७ ग्रॅम.

आणि ब्युरेट लगेच धुवा, सोडा आत राहिला की काचेचा कॉक घट्ट बसतो.