डोमेन सापडत नाही, लॉगिन होत नाही: तपासायचं कुठून?

ऑफिसातला पीसी विंडोज डोमेनमधून, म्हणजे एका सर्व्हरवरून सगळे पीसी आणि खाती चालवणाऱ्या व्यवस्थेतून, काढायचा आणि पुन्हा जोडायचा, हा बहुतेक ऑफिसांत पहिला उपाय असतो. तो शेवटचा असायला हवा. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा घड्याळ बिघडलेलं असेल तर काढलेला पीसी परत जोडलाच जात नाही, आणि लोकल अ‍ॅडमिनचा (फक्त त्या पीसीवरच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड कुणाला आठवत नसेल तर त्या पीसीत शिरायची वाटही बंद होते.

आधी एरर पूर्ण वाचा, कोडसकट. १३५५ म्हणजे पीसीला डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, सापडलेलाच नाही. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका. १३२६ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचला, पण यूजरनेम किंवा पासवर्ड चुकला. १३९८ म्हणजे दोन्हीकडची घड्याळं जुळत नाहीत. १७८९, म्हणजे ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’, हा पीसीच्या स्वतःच्या खात्याचा प्रश्न. आणि ‘लॉगिन होतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ असं धरून चालू नका. विंडोज शेवटच्या १० युजरांची लॉगिन माहिती स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी डेस्कटॉप उघडतो आणि शेअर फोल्डर मात्र उघडत नाही.

डीएनएस

सर्वांत जास्त तक्रारी इथेच मिटतात. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या) आणि डीएनएस सर्व्हरची ओळ बघा. तिथे फक्त डोमेन कंट्रोलरचा पत्ता हवा. अंधेरी किंवा परळच्या गाळ्यातल्या छोट्या ऑफिसात नेहमीचं चित्र असं: पावसात लाइट जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या असतात, लाइट आल्यावर इंटरनेटवाल्याचा राऊटर पटकन उठतो आणि सर्व्हर सावकाश. राऊटरचं डीएचसीपी (पीसींना आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) चालूच राहिलेलं असतं, त्यामुळे तो सगळ्या पीसींना आयपीबरोबर स्वतःचा डीएनएसही वाटून मोकळा होतो. इंटरनेट झकास चालतं, डोमेन गायब. राऊटरचं डीएचसीपी बंद करा, सर्व्हरचं ठेवा, मग पीसीवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’, ‘/रिन्यू’ आणि ‘/फ्लशडीएनएस’.

दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) टाकायची सवय सोडा. विंडोज दुसऱ्या सर्व्हरकडे वळली आणि त्याने ‘असं नाव नाही’ म्हटलं, की तेच अंतिम उत्तर. ती पुन्हा पहिल्याला विचारत नाही. बाहेरचा पत्ता टाकायचाच तर डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (स्वतःला माहीत नसलेली नावं ज्याला विचारायची तो सर्व्हर) म्हणून टाका.

एवढं करूनही अडलं तर ‘एनएसलुकअप’ ही डीएनएसला नावं विचारायची कमांड उघडा. वर दिसणारा सर्व्हरचा पत्ता ‘एफई८०’ने सुरू होत असेल तर राऊटर आयपीव्ही६ वरून स्वतःचा डीएनएस देतोय; तो राऊटरमध्येच बंद करा. मग ‘सेट टाइप=एसआरव्ही’ (सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी नोंद) देऊन ‘_एलडीएपी._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.’ आणि पुढे डोमेनचं पूर्ण नाव विचारा. उत्तरात कंट्रोलरचं नाव यायला हवं. नाही आलं तर सर्व्हरवरची नेटलॉगऑन सर्व्हिस रीस्टार्ट करा, ती रेकॉर्ड पुन्हा नोंदवते.

पिंग लागलं म्हणजे सगळं उघडं आहे, असं नाही. सर्व्हरचे पोर्ट (वेगवेगळ्या सेवांची दारं) ५३, ८८, १३५, ३८९, ४४५, ४६४ आणि आरपीसीसाठी ४९१५२ ते ६५५३५ मोकळे हवेत. पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ एकेक पोर्ट तपासते, पण फक्त टीसीपी.

घड्याळ

कर्बेरॉस, म्हणजे डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत, डीफॉल्टने ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. फसवणारी गोष्ट टाइम झोन. कुणीतरी पॅसिफिक झोन तसाच ठेवून काटे हाताने मुंबईच्या वेळेवर आणलेले असतात. स्क्रीनवर वेळ अचूक, पण कर्बेरॉस यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मोजतो, म्हणजे फरक साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा. आधी झोन ‘+५:३०’ करा, मग वेळ.

‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स’ला ‘लोकल सीमॉस क्लॉक’ असं उत्तर आलं तर पीसी डोमेनकडून वेळ घेतच नाहीये. ‘डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:डॉमहायर /अपडेट’ (‘डॉमहायर’चं स्पेलिंग domhier) देऊन टाइम सर्व्हिस रीस्टार्ट करा, मग ‘/रीसिंक’. दर वेळी पीसी बंद केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही, नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो.

बाहेरून वेळ फक्त पीडीसी एम्युलेटरने (डोमेनची वेळ ठरवणाऱ्या मुख्य कंट्रोलरने) घ्यायची, बाकी सगळे त्याच्यामागे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे, नाहीतर त्यांच्याशी जुळलेले एनटीपी, म्हणजे वेळ देणारे, सर्व्हर वापरायचे आहेत. हा कंट्रोलर हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टच्या आभासी मशीन चालवणाऱ्या सोयीवर) असेल तर त्या व्हीएमचं, म्हणजे आभासी मशीनचं, होस्टकडून वेळ घेणं बंद करा, नाहीतर दोन मालकांची ओढाताण चालू राहते.

ट्रस्ट तुटला असेल तर

प्रत्येक पीसीचं डोमेनमध्ये खातं असतं आणि त्याचा पासवर्ड पीसी स्वतःच साधारण ३० दिवसांनी बदलतो. तो दोन्हीकडे जुळला नाही की ट्रस्ट तुटतो. लॅपटॉप तीन महिने कपाटात पडून राहिला म्हणून ट्रस्ट तुटत नाही. बदलाची सुरुवात पीसीकडूनच होते. खरी कारणं म्हणजे जुना स्नॅपशॉट किंवा बॅकअप परत टाकणं, दोन पीसींना एकच नाव देणं, किंवा कुणीतरी खातं डिलीट वा रीसेट करणं.

लोकल अ‍ॅडमिनने शिरा. तो पासवर्ड नसेल तर नेटवर्क केबल काढून, त्या पीसीवर पूर्वी लॉगिन केलेल्या आणि तिथे अ‍ॅडमिन हक्क असलेल्या डोमेन युजरने शिरा, मग केबल लावा. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘टेस्ट-कंप्युटरसिक्युअरचॅनल’ द्या. ‘फॉल्स’ आलं तर तीच कमांड ‘-रिपेअर -क्रेडेन्शियल’ लावून, डोमेन अ‍ॅडमिनचं खातं देऊन चालवा. ही कमांड विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये आहे. पॉवरशेल ७ मध्ये शोधत बसू नका. नंतर ‘एनएलटेस्ट /एससी_व्हेरिफाय:’ आणि डोमेनचं नाव देऊन खात्री करा.

जोडतानाच अडलं तर

विंडोज होम डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागते. लॅपटॉप घेतानाच बघा. साधा युजर डीफॉल्टने १० पीसीच जोडू शकतो, अकराव्याला अडतो. कोड २७३२ आला तर त्याच नावाचं जुनं खातं दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं आहे आणि ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून विंडोज ते सहजी वापरू देत नाही. खातं खरंच बेवारस असल्याची खात्री करून ते काढा, किंवा पीसीला नवं नाव द्या. याहून वेगळं काही असेल तर विंडोजच्या ‘डीबग’ फोल्डरमधली ‘नेटसेटअप.लॉग’ फाइल शेवटून वर वाचत जा. जोडताना नेमकी कोणती पायरी फसली, ते तिथे कोडसकट लिहिलेलं असतं.